खरा स्नोबोर्ड गेम कसा शिकाल: नागपूरकर नवख्यांसाठी पायरी-पायरीने

स्नोबोर्डच्या गेमच्या दोन जाती आहेत. पहिल्या जातीत बटण दाबलं की खेळाडू हवेत पाच गिरक्या घेतो, कसाही आपटला तरी उठून पळतो आणि वरून पॉइंटही मिळतात. ‘एसएसएक्स’ त्या घराण्यातला. दुसऱ्या जातीत बोर्डाला वजन असतं, बर्फात रुतणारी कड असते, वेग कमावावा लागतो आणि गिरकी थोडी कमी पडली तरी थेट तोंडावर. २०२२ साली पीसी आणि एक्सबॉक्स सिरीजवर आलेला ‘श्रेडर्स’ या दुसऱ्या जातीचा. २०१६ चा ‘स्टीप’ दोघांच्या मधोमध कुठेतरी. हा लेख दुसऱ्या जातीच्या गेमसाठी आहे. बटणांची नावं गेमगणिक बदलतात, म्हणून इथे बटणांपेक्षा बोर्ड कसा वागतो यावर भर दिला आहे. ते कळलं की बटणं सापडतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. उडी हवेत बिघडत नाही, ती जमिनीवरच बिघडलेली असते. वेग, कड आणि उडीकडे यायची रेघ चुकलेली असली तर हवेत कंट्रोलरची (अंगठ्याने फिरवायची) स्टिक कितीही फिरवा, उपयोग नाही. नवखे नेमकं उलट करतात: पहिल्या दिवशी सर्वांत मोठा किकर, म्हणजे उडी मारायचा बर्फाचा चढ, शोधतात आणि तिसऱ्या दिवशी गेम ‘बेकार’ म्हणून काढून टाकतात.

काय काय लागेल

- ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी किंवा लॅपटॉप, नाहीतर कन्सोल. रॅम १६ जीबी असली तर बरं, आणि गेम एसएसडीवरच टाका.
- दोन ॲनालॉग स्टिक आणि दाबाप्रमाणे कमी-जास्त होणारे ट्रिगर असलेला कंट्रोलर. हा नसेल तर सुरुवातच करू नका.
- कंट्रोलरसाठी यूएसबी केबल, ब्लूटूथ असलं तरीही.
- यूपीएस, किंवा इन्व्हर्टरवर यूपीएस मोड.
- लॅपटॉप असेल तर मागून दोन-तीन सेंटिमीटर उचलून धरणारा स्टँड.
- एक वही. वहीची गंमत वाटेल, पण उडीच्या पायरीवर ती लागते.

पायरी १: गेम विकत घेण्याआधी

दुकानाच्या पानावर तीन गोष्टी वाचा: किमान हार्डवेअर, डाउनलोडचा आकार आणि सतत इंटरनेट लागतं का. तिसरी गोष्ट बहुतेकजण वाचत नाहीत. ‘स्टीप’ आणि ‘रायडर्स रिपब्लिक’ यांना खेळताना नेट चालूच लागतं. घरी मोबाइलचा हॉटस्पॉट हाच आधार असेल तर मधेच उतारावर अडकून बसाल.

स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) यूपीआयने पैसे भरता येतात आणि किंमत रुपयांत दिसते. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. सापळा असा, की हे दोन तास गेम उघडा असण्याचे मोजले जातात, खेळण्याचे नाहीत. सेटिंगच्या पडद्यावर गेम सुरू ठेवून जेवायला गेलात तर तेही धरले जातात. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात एवढंच बघा: आपल्या मशीनवर गेम अडखळत नाही ना, आणि कंट्रोलर ओळखला जातो ना. आवडतो की नाही हे तेवढ्यात कळणार नाही. या जातीचे गेम पहिल्या तासात कुणालाच आवडत नाहीत.

पीसी नाहीच, फक्त फोन आहे? ‘ग्रँड माउंटन ॲडव्हेंचर’ बघा. पहिला डोंगर फुकट खेळता येतो आणि वळणं शिकायला तो खरंच चांगला आहे. काचेवरच्या बोटाला स्टिकची सर नाही, ते सोडा.

पायरी २: लाईट आणि उकाडा

हा भाग मनालीच्या माणसाला लागणार नाही, आपल्याला लागतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की खोलीतली हवाच इतकी तापलेली असते की लॅपटॉपचा पंखा गरम हवा घेऊन गरम हवाच फेकतो. मग प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. याचा परिणाम सावकाश दिसत नाही. गेम गुळगुळीत चालतो, चालतो, आणि अचानक एक झटका बसतो. तो झटका उडीच्या टोकावर बसला की बटण सोडायची वेळ चुकते. तुम्हाला वाटतं आपला हात चुकला.

उपाय साधे आहेत. फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ६० वर बांधा. ९० आणि ४५ मध्ये झोके घेणाऱ्या गेमपेक्षा स्थिर ६० कितीतरी बरा, आणि मशीनही थंड राहतं. सावल्या आणि रिफ्लेक्शन मध्यमवर आणा. लॅपटॉप गादीवर, सोफ्यावर ठेवू नका. ॲडॉप्टर लावूनच खेळा, कारण बॅटरीवर बहुतेक गेमिंग लॅपटॉप ग्राफिक्सची ताकद मुद्दाम कमी करतात. नवतपा सुरू असेल तर रात्री नऊनंतर बसा.

कूलरबद्दल: लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. वाळ्याच्या किंवा हनीकोंब पॅडमधून येणारी हवा ओली असते, आणि पंखा जोरात असला तर बारीक तुषारही येतात. कूलर आपल्या पाठीला वारा देईल असा ठेवा, मशीनला नाही. खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो आणि तळहाताला घाम येऊन स्टिक घसरते.

लाईट गेली की इन्व्हर्टर चालू होतो, पण त्या बदलाच्या क्षणात पीसी बंद पडू शकतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस मोडचं बटण असतं, ते लावलं तर बदल लवकर होतो. तरीही हिशेब करा: गेमिंग पीसी भरात असताना ३०० ते ४०० वॉट खाऊ शकतो, कूलर दीड-दोनशे. घरच्या ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर दोन्ही, वर दिवे-पंखे, म्हणजे ओव्हरलोडची शिट्टी ठरलेली.

पायरी ३: कंट्रोलर, आणि इथे कंजुषी नको

कीबोर्डवर हा गेम खेळू नका. कळ दाबली म्हणजे पूर्ण वळण, सोडली म्हणजे शून्य. बोर्डाला हवं असतं अर्ध वळण, पाव वळण. ते कळीतून येत नाही.

बर्डीच्या दुकानांत स्वस्त कंट्रोलर भरपूर मिळतात. घेताना विचारायचं एकच: एक्सइनपुट मोड आहे का? जुन्या डायरेक्टइनपुट पद्धतीवरच चालणारा कंट्रोलर विंडोजला दिसतो, पण गेमला दिसत नाही, किंवा दिसला तरी बटणं उलटसुलट होतात. काही कंट्रोलरमध्ये मागे छोटी पट्टी असते किंवा मधलं बटण काही सेकंद दाबून धरलं की मोड बदलतो. माहितीपत्रक फेकू नका. हॉल इफेक्ट स्टिक असलेला मिळाला तर थोडे जास्त पैसे देऊन तो घ्या, कारण तिच्यात घासणारा भाग नसल्याने स्टिक आपोआप एका बाजूला ओढण्याचा आजार सहसा लागत नाही.

घरी आल्यावर रन उघडून ‘जॉय डॉट सीपीएल’ इंग्रजीत टाइप करा. कंट्रोलर निवडून प्रॉपर्टीज उघडा. स्टिकला हात न लावता चौकटीतली खूण मधोमध स्थिर हवी. आता स्टिक हळूहळू कडेपर्यंत न्या: खूण उड्या न मारता सरकत गेली पाहिजे. खूण मधोमध थरथरत असेल तर गेममध्ये डेडझोन (स्टिकच्या मधल्या ज्या भागातली हालचाल गेम धरत नाही तो) थोडा वाढवा, थरथर थांबेपर्यंतच. जास्त वाढवलात तर स्टिकची सुरुवातीची हालचाल मेली, आणि बारीक वळणं तिथेच राहतात.

खेळताना केबल लावा. आणि टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये गेम मोड सुरू करा. तो बंद असला तर टीव्ही चित्र सजवत बसतो आणि तुम्ही दाबलेलं पडद्यावर उशिरा दिसतं.

पायरी ४: गेममधली सेटिंग

मोशन ब्लर बंद. कॅमेऱ्याची थरथर बंद. कॅमेरा जमेल तितका मागे. जवळचा कॅमेरा व्हिडिओत देखणा दिसतो, पण त्यात उतरायची जागा दिसत नाही.

बर्फाचा पांढरा रंग हीच एक अडचण आहे. भर दुपारच्या उजेडात उंचवटा आणि खड्डा सारखेच दिसतात. गेममध्ये वेळ बदलता येत असेल तर सकाळ किंवा संध्याकाळ ठेवा, सावल्या लांब पडतात आणि जमिनीचा आकार कळतो. टीव्हीचा ब्राइटनेस खाली आणा. ऊन स्क्रीनवर पडत असेल तर खिडकीचा पडदा ओढा.

स्टान्स आता ठरवा. डावा पाय पुढे म्हणजे रेग्युलर, उजवा पुढे म्हणजे गूफी. इथून पुढे सगळं रेग्युलर धरून लिहिलं आहे. गूफी असाल तर डावं-उजवं उलटं वाचा. लँडिंग सावरून देणारी मदत असेल तर पहिले काही दिवस राहू द्या, पण गिरकी आपोआप पूर्ण करणारी मदत पहिल्याच दिवशी बंद करा. तिच्यामुळे चुकीची सवय लागते आणि ती काढणं नव्याने शिकण्यापेक्षा कठीण.

पायरी ५: उडी न मारता उतरा

रेग्युलर उभा माणूस उजवीकडे तोंड करून उभा असतो. म्हणून उजवं वळण पायाच्या बोटांच्या कडेवर, म्हणजे टो एजवर. डावं वळण टाचेच्या कडेवर, हील एजवर.

सर्वांत सोपा उतार घ्या आणि स्टिक अर्ध्यापर्यंतच ढकलून एकापाठोपाठ एस आकाराची वळणं काढा. मग थांबा आणि मागे वळून आपला माग बघा. बारीक, तीक्ष्ण रेघ असेल तर कडेवर वळलात, वेग टिकला. रुंद, पुसल्यासारखा पट्टा असेल तर बोर्ड आडवा घासला, वेग गेला. घासणं वाईट नाही, ब्रेक तोच आहे. पण कधी घासायचं आणि कधी नाही हे आपण ठरवलेलं हवं. पूर्ण उतरणीवर बारीक रेघ येईपर्यंत पुढची पायरी घेऊ नका.

आता अचानक पडण्याचं कारण. बोर्ड आडवा घासत खाली येतोय आणि उताराकडची कड बर्फाला लागली की ती रुतते आणि माणूस भिरकावला जातो. याला एज कॅच म्हणतात. बचाव एकच: आडवं असताना वजन नेहमी डोंगराकडच्या कडेवर. एका कडेवरून दुसरीवर जाताना मधे एक क्षण बोर्ड सपाट आणि त्याचं नाक, म्हणजे पुढचं टोक, खाली उताराकडे असलं पाहिजे. नवख्याला तोच क्षण भीतीदायक वाटतो, वेग वाढतो म्हणून तो स्टिक एकदम दुसऱ्या बाजूला फेकतो आणि पडतो. स्टिक मधे येऊ द्या, अर्धा सेकंद थांबा, मग दुसरीकडे.

पायरी ६: साधी उडी

छोटा किकर निवडा. त्याची रचना नीट बघा: चढण, तिचं टोक म्हणजे लिप, मग सपाट टेबल, टेबल संपतं तो गुडघ्यासारखा वाकलेला कोपरा म्हणजे नकल, आणि पुढे उतरण. उतरायचं उतरणीच्या वरच्या एक तृतीयांश भागात. अलीकडे पडलात तर टेबलावर किंवा नकलवर आपटाल, फार पुढे गेलात तर उतरण संपून सपाट जमिनीवर. पाय तुटण्याचे प्रसंग खऱ्या खेळातही याच दोन जागी येतात.

म्हणून उडी शिकायची म्हणजे आधी सुरुवातीची जागा शिकायची. बहुतेक अशा गेममध्ये मार्कर ठेवून पुन्हा तिथे जाता येतं. मार्कर ठेवा, स्टिक न हलवता सरळ या, उडी मारा, कुठे पडलात बघा. कमी पडलात तर मार्कर थोडा वर. पुढे गेलात तर खाली, किंवा त्याच जागेवरून येताना एकच छोटं घासणं. जमलेली जागा वहीत: ‘दुसऱ्या खांबाच्या बाजूला, घासणं नाही’. प्रत्येक किकरची जागा वेगळी.

बटण दाबून धरलं की माणूस खाली बसतो, सोडलं की उसळतो. सोडायचं नेमकं लिपवर, बोर्डाचं नाक टोकाबाहेर जातं त्या क्षणी. चढणीच्या मधेच सोडलंत तर उसळी चढणीतच खर्च होते आणि उडी सपाट, बुटकी होते. उशीर झाला तर उसळी मिळतच नाही. चढणीवर स्टिक मधेच हवी. किंचित वळण घेत निघालात तर हवेत तिरके जाल, आणि बोर्ड प्रवासाच्या दिशेला तिरका टेकला की पुन्हा तोच एज कॅच.

पायरी ७: गिरकी

भोवऱ्याला गती दोरी देते, हातातून सुटल्यावर तिच्यात भर घालता येत नाही. इथेही तसंच. गिरकीची सगळी गती लिप सुटण्याआधी मिळते. हवेत फक्त ती थोडी कमी-जास्त दिसू शकते: शरीर आवळलं की वेगाने फिरतं, उघडलं की सावकाश.

फ्रंटसाइड म्हणजे छाती आधी उताराकडे फिरते, रेग्युलरसाठी डावीकडे. बॅकसाइड उजवीकडे, पाठ आधी उताराकडे. फ्रंटसाइडसाठी किकरकडे येताना आधी हलकं उजवं वळण, मग लिपच्या जरा आधी हलकं डावं, आणि हील एजवर सुटायचं. बॅकसाइडसाठी उलट: आधी डावं, मग उजवं, टो एजवर. याला सेटअप टर्न म्हणतात. हे वळण चढणीच्या आधीच संपत आलं पाहिजे. चढणीवर मोठं वळण घेतलंत तर वेग गेला आणि दिशाही गेली.

क्रम १८० अंश (अर्धी फेरी), मग ३६० (पूर्ण), मग ५४० (दीड) असा ठेवा. रेग्युलरने १८० किंवा ५४० मारली की उजवा पाय पुढे ठेवून उतरतो, म्हणजे स्विच. उतरल्यावर स्टिकचं वळण आणि कड यांचं नातं उलटतं, आणि दोन सेकंदांनी लोक पडतात ते यामुळे. म्हणून १८० शिकताना उतरल्यावर स्विचमध्येच तीन-चार वळणं घ्यायची सवय लावा, लगेच बोर्ड फिरवून सरळ करू नका.

हवेत एकच गोष्ट बघायची: उडीच्या सर्वोच्च बिंदूवर गिरकी निम्मी झाली का. ३६० असेल तर त्या क्षणी १८०, ७२० असेल तर एक पूर्ण फेरी. कमी दिसली तर शरीर आवळून धरा. जास्त दिसली तर उघडा. ३६० फारच कमी पडत असेल तर ती वाचवायला जाऊ नका, १८० वर उघडून स्विचमध्ये उतरा. २७० वर, म्हणजे बोर्ड प्रवासाला आडवा असताना टेकणं ही सर्वांत वाईट जागा.

पायरी ८: ग्रॅब

ग्रॅब म्हणजे हवेत हाताने बोर्ड पकडणं. गेममध्ये कोणता हात आणि बोर्डाची कोणती जागा, एवढंच. मागचा हात, दोन बाइंडिंगच्या (बोर्डावर पाय बांधायच्या पकडींच्या) मधे पायाच्या बोटांच्या कडेला: इंडी. पुढचा हात त्याच जागी: म्यूट. पुढचा हात टाचेच्या कडेला: मेलन. मागचा हात टाचेच्या कडेला: स्टेलफिश. पुढच्या हाताने पुढचं टोक म्हणजे नोज ग्रॅब, मागच्या हाताने मागचं टोक म्हणजे टेल ग्रॅब. मेलन पकडून पाठ कमानीसारखी ताणली आणि बोर्ड मागे वर ओढला की मेथड. सरळ उडीत इंडी आधी शिका, तोल सर्वांत कमी बिघडतो.

ग्रॅब धरल्याने शरीर आवळलं जातं, म्हणजे गिरकीचा वेगही वाढतो. ग्रॅबशिवाय बसलेली ३६० ग्रॅबसकट जास्त फिरते ती यामुळे. सेटअप टर्न थोडं हलकं करा. जमीन जवळ येण्याआधी ग्रॅब सोडा, बोर्ड हातात धरून टेकलात तर वाचत नाही.

पायरी ९: रेल

रेल म्हणजे बोर्डने वरून सरकत जायचा दांडा. रेलवर कड चालत नाही, बोर्ड सपाट हवा. सरळ या, सपाट बोर्डने छोटी उसळी, आणि रेलला समांतर राहून सरकणं म्हणजे फिफ्टी-फिफ्टी. तो पक्का झाल्यावरच आडवं सरकण्याकडे वळा: बोर्डाचं पुढचं टोक रेलवरून पलीकडे गेलं तर बोर्डस्लाइड, मागचं टोक गेलं तर लिपस्लाइड. रेलवर स्टिकला हात लावायचा मोह सर्वांना होतो. रेल संपेपर्यंत लावू नका.

पायरी १०: हाफपाइप, शेवटी

हाफपाइप म्हणजे दोन्ही बाजूंना उंच वळलेल्या भिंती असलेली बर्फाची लांब पन्हळ. मोठ्या स्पर्धांचा पाइप २२ फूट उंच भिंतींचा, म्हणजे साधारण ६.७ मीटर. गेममध्येही तो तेवढाच वाटतो, म्हणून इथे घाई नको. भिंतीकडे काटकोनात जाऊ नका, तिरके जा. भिंतीच्या टोकावर किकरसारखी बाहेर उसळी मारलीत तर पाइपच्या मधोमध सपाट तळावर पडाल. पाइपमध्ये भिंतच वर फेकते, तुम्ही त्याच भिंतीवर, शक्य तितक्या वर, परत यायचं. टेकताना नाक खाली तळाकडे. वेग तळाच्या सपाट भागात जातो, म्हणून तिथे वळू नका, सरळ समोरच्या भिंतीकडे.

किकरवर शिकलेला आकड्यांचा हिशेब इथे बदलतो, कारण वर गेलेला माणूस त्याच भिंतीने खाली येतो, म्हणजे साध्या उडीतही अर्धी फेरी होतेच. पाइपमध्ये ५४० मारून तुम्ही आपल्या नेहमीच्या पायावर उतरता आणि ३६० मारून स्विचमध्ये. म्हणून आधी साध्या हवाई उड्या दोन्ही भिंतींवर, पूर्ण पाइपभर न पडता. मग एका भिंतीवर ५४०, पुढच्या भिंतीवर साधी उडी, पुन्हा ५४०. ३६० आणि ७२० स्विचमध्ये वळणं हातात बसल्याशिवाय पाइपमध्ये आणू नका.